खुरप्याला मूठ, मग पात्याला का नाही?

पोळा आठ दिवसांवर आला की आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत घराघरांतून कागद सळसळू लागतो. बैलाच्या मखराला लावायची फुले, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला डकवायची बेगड, त्यामागून गणपतीची आरास, महालक्ष्म्यांपुढच्या पताका आणि दिवाळीचा आकाशकंदील. झिरमिळ्या कापण्यात पोरींच्या रात्री जातात. कागद पाच-दहा रुपयांचा, पण हौस मोठी.

या कामाची हत्यारे मात्र पाहून घ्या. दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा, गेल्या पिढीतली बोथट कात्री, भोके पाडायला खिळा आणि घडी दाबायला अंगठ्याचे नख. ज्या घरात विळा, खुरपे, कुऱ्हाड, डवरा सगळे मुठीसह नीट टांगलेले असते, त्याच घरात कागदकामाला एकही धड हत्यार नसते. कागद हलका, म्हणून त्याचे काम हलके, अशी आपली समजूत. ही समजूत माझीही होती. ती कशी गेली ते आधी सांगतो.

विस्तार अधिकारी म्हणून माझी नोकरी बियाणे, खते, फवारणी आणि पंचनामे यांत गेली. कागदाशी गाठ पडली ती २०१८ साली. त्या वर्षी २३ मार्चला राज्य शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल यांवरच्या बंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. दुकानदार कागदी पिशव्या शोधू लागले, तेव्हा आपल्या बचत गटांना हे काम द्यावे असे बऱ्याच जणांच्या डोक्यात आले. माझ्याही आले. दिवाळी उरकून कापसाची वेचणी चालू झाली होती. घाटंजी तालुक्यातल्या एका गावी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर अकरा बाया जमवल्या. जुनी वर्तमानपत्रे, खळ आणि बाजारातून आणलेली दाढीची पाती असा माझा सरंजाम. पाती मी मधोमध मोडली आणि एकेकीच्या चिमटीत अर्धी अर्धी दिली.

अर्धा तास झाला नसेल, तोच एकीचा अंगठा कापला. डाव्या हाताने तिने फूटपट्टी दाबून धरली होती, पाते पट्टीवर चढले आणि सरळ अंगठ्यात गेले. जखम फार मोठी नव्हती. हळद दाबली, चिंधी बांधली. पण दुसऱ्या दिवशी तिला वेचणीला जाता आले नाही आणि तिसऱ्या दिवशीही नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते आणि बोंडातून कापूस ओढायचा तो अंगठ्यानेच, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. महिनाभर पिशव्या चिकटवून तिच्या हाती जे पडले असते, त्याहून जास्त तिने त्या दोन दिवसांत गमावले. आणि ते माझ्यामुळे.

ती स्वतः काही बोलली नाही. बोलली ती तिच्याजवळ बसलेली एक म्हातारी. पाते उलटसुलट करून पाहत ती म्हणाली, “साहेब, खुरप्याले मूठ रायते, इळ्याले रायते. मंग या पात्याले काऊन नाई?”

“चुकलंच माझं, मावशी,” एवढेच मला म्हणता आले.

नखाचा हिशेब

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. एका साध्या पिशवीला निदान आठ घड्या येतात. प्रत्येक घडी नखाने दाबायची, तर शंभर पिशव्यांना आठशे वेळा अंगठा कागदावर घासला जातो. सणासाठी दहा-वीस नग करायचे तर काही बिघडत नाही. पण रोज रात्री शंभर करायचे म्हटले की पहिल्या आठवड्यात नखाची कड दुखते आणि पुढे अंगठ्याचे मूळ ठणकू लागते. त्यात या हातांनी दिवसभर वेचणी केलेली असते, बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटे आधीच सोललेली असतात. आपल्याकडे किती तरी गटांनी पिशव्यांचे काम चार-सहा महिन्यांत सोडले. भाव मिळत नाही हे कारण त्या सांगतात आणि ते खरेच आहे. पण खोदून विचारले की दुसरे कारण बाहेर येते, “हात दुखतात.” हे कारण कोणी कागदावर लिहीत नाही.

शेतातल्या अवजारांपुरता हा विचार केव्हाच सुरू झालेला आहे. भोपाळला १९७६ साली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था निघाली. बाईच्या हाताचे माप, तिचा जोर आणि तिची उंची धरून खुरपी, विळे आणि कोळपी कशी असावीत यावर तिथे काम झाले. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातही गृहविज्ञानाच्या बाजूने बायांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम झालेले आहे. त्या कामातून पुढे आलेल्या दोन-तीन साध्या गोष्टी कागदकामालाही जशाच्या तशा लागू पडतात.

मुठीत धरून जोर लावायचे हत्यार असेल, तर त्याची मूठ सव्वा ते दीड इंच जाडीची असावी. चिमटीत धरून नाजूक काम करायचे असेल, तर करंगळीएवढी, म्हणजे अर्ध्या इंचाच्या आसपास. याहून बारीक वस्तू धरायची म्हणजे बोटांना ती निसटू नये म्हणून सारखे आवळून ठेवावे लागते. हात दुखतो तो काम करून नव्हे, तर या आवळण्याने. पाते ही सगळ्यांत बारीक वस्तू, म्हणून तीच सगळ्यांत जास्त दुखवते. दुसरी गोष्ट लांबीची. मूठ चार इंचांहून आखूड असली की तिचे टोक तळहाताच्या मधोमध रुतते. बोटांकडे जाणाऱ्या नसा तिथूनच जातात. तिथे रोज दाब पडला की बोटांना मुंग्या येतात.

मी पहिली चूक सुधारायला गेलो आणि दुसरी करून बसलो. सुतारदादाकडून बारा मुठी एका मापाच्या कातून घेतल्या. त्या त्याच्या हाताच्या मापाच्या झाल्या, चांगल्या दणकट. आठ दिवसांनी जाऊन पाहतो तर निम्म्या तशाच कोनाड्यात पडलेल्या. “मोठ्या होतात,” एवढेच बाया म्हणाल्या.

कणकीचा गोळा

मग त्याच म्हातारीच्या घरी उपाय सापडला. तिची सून कणीक तिंबत होती. मी तिला लिंबाहून थोडा मोठा घट्ट गोळा करायला सांगितला आणि तो चाकू धरल्यासारखा धरून हलकेच दाबायला लावला. मूठ उघडली तर तिच्या हाताला हवी ती जाडी, लांबी आणि बोटांची जागा सगळे त्या गोळ्यावर उठलेले. सुतळीने त्याचा घेर मोजायचा, लांबी मोजायची आणि त्या मापाची मूठ करायची. कणीक वाया जात नाही, पुन्हा परातीत टाकता येते.

एक मात्र टाळावे. गोळ्यावर उठलेले बोटांचे खळगे लाकडात कोरायचा मोह होतो. ते करू नये. खळगे एकाच पकडीला बसतात. हात थोडा सरकला की त्यांच्या कडा बोटांत रुततात, आणि तेच हत्यार लेकीने घेतले तर तिला मुळीच जमत नाही. मूठ गुळगुळीत, किंचित पोटाळी आणि मागच्या टोकाला गोल असली म्हणजे पुरे.

लाकडासाठी रानात जायची गरज नाही. मोडक्या वखराचे रुमणे, कुऱ्हाडीचा तुटका दांडा, जुनी तुतारी, असे काही ना काही प्रत्येक गोठ्यात पडलेले असतेच. हे लाकूड वर्षानुवर्षे वाळून मुरलेले असते, म्हणून ते उत्तम. बाभूळ किंवा धावडा असेल तर मूठ पिढीभर टिकेल. सागवान हलके आणि कोरायला सोपे. ओल्या लाकडाची मूठ करू नये. ते वाळताना आकसते आणि पाते ढिले होते. कागद कापताना ढिले पाते म्हणजे पुन्हा तोच अंगठा.

वेळू नवा घ्यायचा झाला तर तीन वर्षांचा पिकलेला, हिवाळ्यात तोडलेला घ्यावा आणि दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवून सावलीत वाळवावा. पाण्यात त्यातली गोडी निघून जाते आणि मग घुणा सहसा लागत नाही. आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणी, घाटंजी या बाजूला वेळूची अडचण नाही. बुरडाच्या दारात तर कामाचे तुकडे नुसते पडलेले असतात, मागितले तर तो नाही म्हणत नाही.

घडीपट्टी

पहिले हत्यार करावे ते हे, कारण नखाची सुटका यानेच होते. परदेशात पुस्तकबांधणीवाले घडी दाबायला जनावराच्या हाडाची पट्टी वापरतात. आपल्याला वेळू चालतो. वीतभर लांब, दोन बोटे रुंद असा तुकडा फोडून घ्या. धरायच्या बाजूला जाडी दोन सूत ठेवा आणि टोकाकडे ती एक सुतावर आणा. वेळूची चकचकीत पाठ एका बाजूला तशीच राहू द्या. घडीवर तीच बाजू फिरवायची. टोक जिभेसारखे गोल करा. फुटक्या काचेची कड फडक्यात धरून त्याने पट्टी खरवडली की वेळूच्या कुशी निघून जातात. काच नको वाटत असेल तर पॉलिश कागद घ्या, आधी खरखरीत आणि मग बारीक. शेवटी स्टीलच्या वाटीच्या बुडाने जोर देऊन घासली की पट्टी हस्तिदंतासारखी दिसू लागते. हिला तेल लावू नये, कागदावर डाग पडतात. धरायच्या बाजूला सुती पट्टी गुंडाळून ती हाताला भरेल एवढी जाड करा.

वापरताना पट्टी उभी धरून ओरखडू नका. ती जवळजवळ आडवी ठेवा आणि कोपरापासून सगळा हात ओढून घडीवरून आणा. अंगठा नुसता सोबतीला. रंगीत कागद असेल तर वर एक कोरा कागद ठेवून मग पट्टी फिरवा, म्हणजे चमकीचा पट्टा उठत नाही.

घोटायला आणखी सोपे साधन आहे. वर्धा आणि पैनगंगा या दोन्ही नद्यांच्या पात्रांत गुळगुळीत गोटे मिळतात. तळहातात मावेल असा, एका बाजूने सपाट गोटा आणला तर चिकटवलेला पुठ्ठा त्याने बसवता येतो. जुने हातकागदही दगडाने घोटूनच गुळगुळीत करीत, शाई पसरू नये म्हणून. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा शतकानुशतके चालत आला, आणि आपल्या शेजारी वर्ध्याला मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तेव्हा तिथेही हातकागद बनवण्याचे प्रयोग झाले. त्याच मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. ज्यांच्या नावाने ते आहे ते मगनलाल गांधी चरखा आणि विणकामाची साधने सुधारण्यात गढलेले असत. वर्ध्याला कामानिमित्त गेलात तर मुलांना घेऊन तिथे जरूर डोकवा. खेड्यातली हत्यारे काचेमागे ठेवण्याच्या योग्यतेची असतात, हे त्यांना दिसेल.

टोचा

पताका ओवायला, कंदिलाच्या काड्या बांधायला, वही शिवायला भोके लागतात. खिळा आणि दगड घेऊन भोके पाडली की कागद फाटतो. पोती शिवायचे दाभण तर आपल्या प्रत्येक घरात असते, पण ते नुसते धरून पुठ्ठ्यात खुपसले की मागचे टोक तळहातात शिरते. यावर चांभारदादाची आरी पाहावी. तिची मूठ लांबट नसून लिंबाएवढी गोल असते, कारण तिला तळहाताच्या उशीने दाबायचे असते. किती पिढ्यांचा अनुभव त्या गोळ्यात आहे! तशीच मूठ करा. दाभण नसेल तर सायकलचा जुना आरा अडीच इंच तोडून, दगडावर घासून टोकदार केला तरी चालतो.

मुठीत बसवायची रीत खुरप्याचीच. आऱ्याहून थोडे बारीक भोक पाडायचे, मागचे टोक चुलीत लाल करायचे आणि भोकात दाबून बसवायचे. लाकूड जळून बरोबर जागा होते. थंड झाल्यावर काढून, भोकात लाखेचा चुरा भरून, टोक पुन्हा तापवून बसवले की ते हलत नाही. पळसावरची लाख आपल्या रानांत दिसते, नाही तर सोनाराकडे मिळते. हे तापवण्याचे काम मोठ्या माणसाने करावे, आणि पक्कडीने.

चाकू

आता ज्या हत्याराने मला शहाणे केले त्याकडे वळतो. दाढीच्या पात्याला मूठ करत बसू नका. ते इतके पातळ असते की मुठीतही वाकते. वेल्डिंगवाल्याकडे किंवा नळ जोडणाऱ्याकडे लोखंड कापायच्या करवतीची जुनी पाती टाकून दिलेली असतात. तसले एक घ्या. फडक्यात गुंडाळून, दोन पकडींत धरून चार इंचांचा तुकडा मोडा. हे पाते कडक असते आणि मोडताना तुकडा उडतो, म्हणून फडके विसरू नका. धार लावणाऱ्याकडून त्याच्या टोकाला तिरपी धार लावून घ्या, फक्त इंचभर. उरलेले दाते घासून टाकायला सांगा. घासताना पाते वरचेवर पाण्यात बुडवायला हवे. निळे पडले तर समजावे की पाणी उतरले, धार टिकणार नाही.

वेळूच्या पाच इंच लांब, इंचभर रुंद, तीन सूत जाड अशा दोन फाका करून पाते मधे धरा. बाहेर पाऊण इंचाहून जास्त काढू नका. जितके कमी बाहेर, तितके ते कमी वाकते. फाका अंबाडीच्या सुताने घट्ट आवळा. पात्याच्या बाजूला सुताचे पाच-सहा वेढे जास्त देऊन तिथे उंचवटा करा. बोट पुढे घसरले तर त्या उंचवट्याला अडते. हा उंचवटा म्हणजे या हत्याराचा जीव आहे, आळस करून सोडू नये. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी ताणून गुंडाळा. हाताला घाम आला तरी मूठ सरकत नाही.

काम संपले की चाकू उघडा ठेवू नका. ज्वारीच्या धांड्याचा वीतभर वाळका तुकडा घेऊन त्याच्या गाभ्यात पाते खुपसून ठेवा. गाभा मऊ, पाते धरून ठेवतो आणि धारही जात नाही. याहून स्वस्त म्यान मला माहीत नाही.

आता त्या डाव्या अंगठ्याबद्दल. कापणाऱ्या हातापेक्षा पट्टी धरणारा हात जास्त कापला जातो, हे मी नंतर पुष्कळ ठिकाणी पाहिले. म्हणून पट्टीलाही मूठ हवी. दीड फुटाची लोखंडी पट्टी घ्या आणि तिच्यावर लांबीने, कापायच्या कडेपासून अर्धा इंच आत, बोटभर उंचीची लाकडी चीप उभी चिकटवा. बोटे चिपेच्या मागे राहतात. पाते पट्टीवर चढले तरी चिपेला अडते. जाड पुठ्ठा एका जोरात कापायचा हट्ट नको. हलक्या हाताने तीन-चार वेळा पाते फिरवले की तो आपोआप सुटतो. खाली जुन्या पुठ्ठ्यांचे दोन-तीन थर ठेवा. फरशीवर किंवा पाटीवर कापले की धार लगेच मरते, आणि धार मेली की माणूस जोर लावतो.

सगळ्या लाकडी मुठींना जवसाच्या तेलाचे दोन हात द्या. जवस आपल्याकडचाच, आणि त्याचे तेल लाकडावर वाळून कातडीसारखे बसते. हात द्यायचा तो पातळ, आणि दोन हातांमध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. पण एक ताकीद देतो. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. आपल्या माडीवर आणि ओसरीवर या दिवसांत कापूस भरलेला असतो. फडके अंगणात पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

कात्री आणि डावखुरी पोर

कात्री घरी बनत नाही, पण सुधारता येते. तिच्या कड्या अंगठ्याच्या मुळावर घासून तांबडा वळ उठवतात. कड्यांना सुती पट्टीचे दोन पदर गुंडाळून टाके घाला. खिळ्यात एक थेंब तेल टाकून पुसून घ्या. धार लावून आणा. एवढ्याने निम्मे दुखणे जाते. कापताना टोकाने कुरतडू नका, कागद खिळ्याजवळ आत घ्या. तिथे जोर कमी लागतो.

याच संदर्भात एक आठवण. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुले कागदाची फुले करत होती. एक मुलगी सगळ्यांत मागे, तिचा कागद नुसता चुरगळलेला. “हिला हातकामात गती नाही,” असे तिच्याबद्दल सांगण्यात आले. पाहतो तर पोर डावखुरी. कात्रीची पाती उजव्या हातासाठी जुळवलेली असतात. डाव्या हाताने तीच कात्री दाबली की पाती एकमेकांपासून दूर जातात आणि कागद कापला न जाता मधे दुमडतो. दोष पोरीचा नव्हता. तिला मी ट्यूब गुंडाळलेला चाकू आणि चिपेची पट्टी दिली आणि गुरुजींना जवळ बसायला सांगितले. चाकूला डावे-उजवे नसते, पट्टी फक्त उलटी फिरवून धरायची. त्या तासाला तिने केलेले कमळ मी अजून जपून ठेवले आहे. तुमच्या घरात असे मूल असेल तर डावखुऱ्यांची कात्री शहरात मिळते, ती मागवा. उजव्या हाताची सक्ती करू नका.

खळ, कुंचला आणि बैठक

खळ बोटाने लावली की बोटे चिकट होतात, मग कागद खराब होतो आणि वाळलेली खळ नखात अडकून दुखते. शिंदीच्या फोकाचे टोक दगडाने ठेचले की तंतू सुटे होतात, त्याचा चांगला कुंचला होतो. घायपाताच्या किंवा अंबाडीच्या तंतूंची जुडी वेळूच्या नळीत बसवली तर त्याहून रुंद कुंचला मिळतो. खळ मैद्याची असो वा चिंचोक्याची, शिजवताना चिमूटभर तुरटी टाकावी. बांधणीवाले कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकतात. ते विष आहे. ज्या घरात लहान मुले खळीच्या वाटीत बोटे बुडवतात, तिथे ते नको.

बसण्याविषयी थोडे. जमिनीवर कागद पसरून वाकून तासन्‌तास काम केले की मान आणि पाठ धरते, आणि दोष मात्र कागदाला मिळतो. मांडी घालून बसा, पण काम चौरंगावर ठेवा. हात टेकले की कोपर साधारण चौरंगाच्या उंचीला यावे. अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाणी पिऊन या. उजेड समोरून किंवा डाव्या अंगाने घ्या. डावखुऱ्यांनी उजव्या अंगाने घ्यावा.

वर्तमानपत्राच्या पिशव्या करणाऱ्यांसाठी एक सूचना. भजी, चिवडा, पोळी असे खाण्याचे पदार्थ त्यांत देऊ नका, छपाईची शाई अन्नात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली तसा स्पष्ट इशारा दिलेला आहे. बांगड्या, साबण, सुतळी, खिळे यांना त्या चालतात. भाजीच्या बियांच्या पुड्या मात्र कोऱ्या कागदाच्या करून वर वाणाचे नाव आणि साल लिहा.

त्या घाटंजीकडच्या गटाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. पिशव्यांवर संसार चालेल एवढे काही मिळाले नाही, ते खरे सांगितले पाहिजे. अकरांपैकी पाच जणी अजून करतात. दोन किराणा दुकानांना देतात आणि सणाच्या दिवसांत पताका व कंदील करून आठवडी बाजारात विकतात. जिचा अंगठा कापला होता ती त्या पाचांत आहे. तिचा चाकू नवऱ्याच्या मोडक्या तुतारीच्या वेळूचा आहे आणि तो ती कोणाला देत नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्या गावच्या सुताराची भेट झाली. तो हसत होता. म्हणाला, “साहेब, तुमी बायायले काय शिकवून ठेवलं? आता खुरप्याची मूठ बसवाले येतात तं संगं कणकीचा गोळा घेऊन येतात.”